खुर्चीऐवजी व्यायामाचा चेंडू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतील आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कोपऱ्यात एक मोठा निळा चेंडू ठेवलेला असतो आणि तो पाहून काही विचारले नाही असा पाठदुखीचा रुग्ण विरळाच. उद्यमनगरात यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाचित्रे काढणारे तरुण, मार्चअखेरीस रात्री १० वाजेपर्यंत हिशेबाच्या टेबलाशी बसणारे लेखनिक, पुण्याच्या कंपनीचे काम कोल्हापुरातील घरातून करणारे संगणक अभियंते आणि अभ्यासिकेत दिवस काढणारे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, या सर्वांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : खुर्ची काढून त्या जागी हा चेंडू ठेवला तर पाठ सुधारेल का? गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

चेंडूवर बसल्याने पाठ आपोआप सरळ राहते का?

आपोआप राहत नाही. पहिली १०-१५ मिनिटे मात्र बहुतेकांची पाठ खरोखरच सरळ राहते, आणि हा समज पसरण्याचे कारणही तेच आहे.

खुर्चीत आपण हळूहळू पुढे घसरतो, तेव्हा कमरेखालचा हाडांचा सांगाडा, म्हणजे श्रोणी, मागे कलंडते. ती कलंडली की कमरेच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक सपाट होतो, वरची पाठ गोल होते आणि मान पडद्याच्या दिशेने पुढे जाते. यालाच आपल्या घरातील वडीलधारी माणसे ‘पोक काढून बसणे’ म्हणतात. चेंडू योग्य उंचीचा असेल तर गुडघे खुब्यांपेक्षा किंचित खाली राहतात, श्रोणी पुढे झुकते, आणि तिच्यामागोमाग वरचा कणा सरळ होतो. टेकायला पाठ नसल्यामुळे तोल सांभाळण्यासाठीही माणूस ताठ बसतो.

अडचण त्यानंतर सुरू होते. कणा ताठ धरणारे स्नायू न थांबता काम करीत राहिले की थकतात, आणि ते थकले की चेंडूवर बसलेला माणूसही पोक काढतोच. फरक एवढाच, की खुर्चीत पोक काढणाऱ्याच्या मागे निदान टेकण्यापुरती पाठ असते, चेंडूवर तीही नसते. स्वीडनमधील शल्यचिकित्सक आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला होता. आधाराशिवाय बसलेल्या माणसाच्या कमरेतील चकतीवरचा दाब उभ्या माणसापेक्षा अधिक असल्याचे त्यांना आढळले. दाबाचे नेमके आकडे पुढील काळातील मोजणीत बदलले, परंतु किंचित मागे कललेल्या पाठीला टेकून बसल्यास हा दाब कमी होतो, ही गोष्ट टिकून राहिली. चेंडूने आपण नेमका हाच आधार काढून घेतो, हे विकत घेण्यापूर्वी ध्यानात असावे.

मग ही कल्पना आली कुठून?

हा चेंडू बसण्यासाठी जन्मालाच आला नव्हता. अक्विलिनो कोसानी या इटालियन प्लास्टिक उत्पादकाने तो १९६३च्या सुमारास बनवला. पुढे मेरी क्विंटन या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टने स्वित्झर्लंडमध्ये लहान बालकांच्या उपचारात त्याचा उपयोग केला, तर बाझेलमधील सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी प्रौढांच्या उपचारपद्धतीत त्याला स्थान दिले. तेथे येऊन हे काम पाहून गेलेल्या अमेरिकी फिजिओथेरपिस्टांनी त्याला ‘स्विस बॉल’ म्हणायला सुरुवात केली, आणि इटलीत जन्मलेल्या वस्तूला कायमचे स्वित्झर्लंडचे नाव चिकटले.

उपचारकक्षात हा चेंडू १०-२० मिनिटे, देखरेखीखाली, ठरावीक हालचालींसाठी वापरला जात असे आणि आजही जातो. तो व्यायामशाळेत गेला, तेथून कार्यालयात आला, आणि वाटेत कुठेतरी ती वेळेची मर्यादा गळून पडली.

शास्त्रीय अभ्यास काय सांगतात?

येथे थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे, कारण विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत अभ्यासांचा उल्लेख अर्धाच असतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात २००६ मध्ये १४ जणांना एक तास चेंडूवर आणि एक तास कार्यालयीन खुर्चीवर बसवून त्यांच्या स्नायूंची आणि कमरेच्या स्थितीची मोजणी झाली. फरक आढळले ते किरकोळ. अस्वस्थता मात्र चेंडूवर अधिक नोंदवली गेली. त्याच विद्यापीठातील स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातही स्नायूंच्या सक्रियतेत किंवा कण्यावरील भारात उल्लेखनीय अंतर दिसले नाही. त्यांनी आणखी एक व्यवहारी गोष्ट टिपली : चेंडू मऊ असल्यामुळे मांड्या आणि नितंब यांचा अधिक मोठा भाग त्याला टेकतो, तेथील ऊती दाबल्या जातात, आणि बराच वेळ बसल्यानंतर जाणवणाऱ्या अस्वस्थतेचे मूळ कदाचित तेथेच असावे.

नेदरलँड्समधील किंग्मा आणि व्हान डीन यांचा २००९चा अभ्यास चेंडूला अधिक अनुकूल आहे. दहा स्त्रियांनी एकेक तास टंकलेखन केले. चेंडूवर धडाची हालचाल ३३ टक्के अधिक झाली आणि कमरेच्या स्नायूंच्या कामातील चढउतार ६६ टक्के अधिक आढळला. एकाच स्थितीत गोठून बसण्यापेक्षा ही चुळबुळ चांगलीच. परंतु त्याच तासाभरात स्नायूंवरचा भारही वाढला आणि मणक्यांवरील दाबामुळे उंचीत होणारी सूक्ष्म घटही चेंडूवर अधिक भरली. त्यामुळे फायदे तोट्यांवर मात करतीलच असे नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. माहितीपत्रकात या अभ्यासाचे पहिले अर्धे वाक्य छापलेले असते.

हे अभ्यास थोड्या माणसांवर आणि थोड्या वेळापुरते झालेले आहेत, हे मान्य करूनही माझे मत असे आहे की दिवसभराची खुर्ची म्हणून चेंडूची शिफारस करण्याइतका आधार त्यांत मिळत नाही.

पोटाचे आणि कमरेचे स्नायू तरी बळकट होतील ना?

नुसते बसून नाही. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत पहाटे गेलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. तेथे जोर, बैठका आणि लढत यांत स्नायूंना त्यांच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा अधिक काम करावे लागते, मग विश्रांती आणि खुराक मिळतो, आणि त्यातून अंग भरते. चेंडूवर बसताना पोटाच्या स्नायूंना लागणारा जोर इतका अल्प असतो, की त्याने ते थकू शकतात, परंतु बळकट होण्याइतके आव्हान त्यांना मिळत नाही. त्याच चेंडूवर पाठ टेकून पोटाचे व्यायाम केले, किंवा पालथे पडून हात-पाय आलटून पालटून उचलले, तर तो उत्तम साधन आहे. बसण्यापेक्षा व्यायाम करण्यासाठीच तो घ्यावा, असे मी सांगतो, आणि तसा घेणाऱ्यांना त्याचा उपयोगही अधिक होतो.

वजन कमी होईल का?

२००८ मधील एका मोजणीनुसार कार्यालयीन काम करताना खुर्चीपेक्षा चेंडूवर तासाला सुमारे ४ कॅलरी अधिक खर्च होतात. आठ तासांचे ३२ झाले. एक कप दुधाळ, गोड चहा याहून जड भरतो.

तरीही मला वापरून पाहायचा आहे. कोणत्या मापाचा घ्यावा?

बाजारात ४५, ५५, ६५, ७५ आणि ८५ सेंटिमीटर व्यासाचे चेंडू मिळतात. सर्वसाधारणपणे पाच फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंतच्या व्यक्तीला ५५चा, त्याहून उंच आणि सहा फुटांपर्यंतच्या व्यक्तीला ६५चा, आणि सहा फुटांहून उंच माणसाला ७५चा चेंडू लागतो. हा केवळ अंदाज आहे, कारण एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांची लांबी आणि वजन वेगळे असते, आणि जड माणसाखाली चेंडू अधिक दबतो.

खरी कसोटी बसूनच होते. दोन्ही पावले पूर्ण जमिनीला टेकलेली असावीत, खुबे गुडघ्यांच्या पातळीत किंवा त्यांहून दोन-चार बोटे वर असावेत. गुडघे वर येत असतील तर चेंडू लहान आहे किंवा हवा कमी आहे; टाचा उचलल्या जात असतील तर तो मोठा आहे. पेटीवर व्यक्तीची उंची छापलेली असते ती बहुधा व्यायामाच्या हिशेबाने, टेबलाच्या नव्हे, त्यामुळे शक्य असेल तर दुकानात फुगवलेल्या चेंडूवर बसून पाहावे. पेटीवर वजनाची मर्यादाही दिलेली असते. तीत स्थिर भार आणि हालचालीतला भार असे दोन आकडे असल्यास लहान आकडाच खरा धरावा.

हवा कशी आणि किती भरावी?

चेंडूबरोबर मिळणाऱ्या पायपंपाने किंवा हातपंपाने भरावी. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर वापरण्याचा मोह टाळावा, कारण तेथे हवा किती गेली हे कळेपर्यंत ती जास्त झालेली असते. पहिल्या दिवशी सुमारे ८० टक्के भरून चेंडू एक दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिक ताणून सैल झाले की दुसऱ्या दिवशी उरलेली भरावी. पहिल्या आठवड्यात तो पुन्हा थोडा मऊ पडेल, तेव्हा घाबरू नये, पंप मारावा.

माप तपासण्याची सोपी रीत अशी : ५५ सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूचा घेर सुमारे १७३ सेंटिमीटर भरतो, आणि ६५च्या चेंडूचा सुमारे २०४. शिंप्याचा टेप १५० सेंटिमीटरलाच संपतो, म्हणून मधल्या सर्वांत फुगीर भागाभोवती सुतळी फिरवून मग ती सुतळी मोजावी. दगडासारखा टणक चेंडू चांगला असतो हा समज चुकीचा आहे. तो अधिक घसरतो आणि त्याच्यावर तोल राखणे कठीण जाते.

टेबलाची उंची बदलावी लागेल का?

बहुतेक वेळा अडचण येथेच येते, आणि चेंडूला दिलेला दोष प्रत्यक्षात टेबलाचा असतो. आपल्याकडील साधे टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असते. ५५चा चेंडू बसल्यावर दबून ४५-५० सेंटिमीटरवर येतो, आणि मग कोपर टेबलाच्या खाली राहिल्यामुळे कळफलकापर्यंत पोहोचण्यासाठी खांदे उचलावे लागतात. संध्याकाळी मान आणि खांदे भरून येतात ते यामुळे. चेंडूला हाताचे आधारही नसतात, त्यामुळे हातांचा सगळा भार मानेच्या मुळाशी लटकतो.

कोपर साधारण काटकोनात आणि कळफलकाच्या पातळीत यावेत, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी आणि पडदा हातभर अंतरावर असावा. लॅपटॉपवर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमणे शक्य नाही, कारण त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले आहेत. लॅपटॉप जाड पुस्तकांवर उंच ठेवून वेगळा कळफलक आणि माउस जोडावा. चेंडूवर होणाऱ्या खर्चाइतक्याच पैशांत हे दोन्ही येतात, आणि माझ्या अनुभवात निम्म्या रुग्णांची मान यानेच सुधारते. चेंडूचा विषय नंतर ते स्वतःच काढत नाहीत.

एका वेळी किती मिनिटे बसावे?

पहिल्या आठवड्यात १० मिनिटे, दिवसातून दोनदा. त्रास न झाल्यास पुढच्या दोन-तीन आठवड्यांत २० मिनिटांपर्यंत न्यावे आणि तेथेच थांबावे. खुर्ची बाजूला ठेवून द्यायची नाही, तिची आणि चेंडूची अदलाबदल करीत राहायची. फोनवरचे बोलणे किंवा वाचन चेंडूवर करावे. आकडे भरण्याचे, रेखाचित्राचे, डोळे रोखून करण्याचे काम खुर्चीवर करावे, कारण एकाग्र झालेल्या माणसाला आपली पाठ केव्हा वाकली हे समजतच नाही.

बसताना पाय खुब्यांइतके फाकवून दोन्ही पावले टेकवावीत, चेंडूच्या मधोमध बसावे, पुढच्या उतारावर नाही. उठताना आणि बसताना एक हात चेंडूवर ठेवावा. पायाच्या घोट्यांची अढी घालून बसण्याची सवय असेल तर ती येथे सोडावी लागते. खाली पडलेले पेन उचलण्यासाठी चेंडूवरून बाजूला वाकू नये, उठून उचलावे. आमच्याकडे चेंडूवरून पडून आलेले जे मोजके रुग्ण आहेत, त्यांतील बहुतेक असेच काहीतरी उचलताना पडलेले आहेत.

चेंडू फुटण्याची भीती किती खरी आहे?

अगदीच निराधार नाही. २००९ मध्ये अमेरिकेत जास्त हवा भरल्यास फुटू शकतात या कारणावरून सुमारे ३० लाख व्यायामाचे चेंडू बाजारातून माघारी बोलावले गेले होते. त्याच वर्षी सॅक्रमेंटो किंग्ज संघाचा बास्केटबॉलपटू फ्रान्सिस्को गार्सिया चेंडूवर पडून वजने उचलत असताना चेंडू फुटला आणि त्याच्या हाताचे हाड मोडले. पेटीवर ‘अँटी-बर्स्ट’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की छिद्र पडल्यावर हवा हळूहळू जाईल. चेंडू फुटणारच नाही असे आश्वासन ते नव्हे. जास्त हवा भरलेल्या चेंडूबाबत त्या शब्दावर विसंबू नये.

प्रत्येक वेळी बसण्यापूर्वी हात फिरवून ओरखडा किंवा फुगवटा दिसतो का पाहावे. चेंडूला ठिगळ लावून तो बसण्यासाठी वापरू नये. टेबलाच्या पायातून वर आलेला खिळा, जमिनीवर सांडलेल्या स्टेपलरच्या पिना आणि पाळीव मांजर, हे त्याचे तीन शत्रू.

कोल्हापूरच्या हवेचा काही परिणाम होतो का?

होतो, आणि तो दोन ऋतूंत दोन प्रकारे होतो. एप्रिलमध्ये मी स्वतः एक चेंडू पश्चिमेच्या खिडकीखाली विसरलो होतो. संध्याकाळपर्यंत आतली हवा तापून तो इतका ताठ झाला की थोडी हवा काढावी लागली. सततच्या उन्हाने प्लास्टिक कडकही होते. पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पेठांतील जुन्या घरांत शहाबादी फरशीला ओल सुटते, ओल्या पावलांनी आलेला माणूस तशाच पायांनी चेंडूवर बसतो, आणि पाय किंवा चेंडू यांपैकी एक सरकतो. चेंडूखाली रबरी चटई किंवा योगासनांची जाड चटई अंथरावी, पाय कोरडे असावेत, आणि मोजे घालून बसू नये. घसरत्या, गुळगुळीत टाइल्सवर चटईशिवाय बसणे कोणत्याच ऋतूत योग्य नाही.

पाठीचे दुखणे आधीपासून आहे. चेंडू वापरू का?

तपासणी करून घेतल्याशिवाय वापरू नये. बहुतेक कंबरदुखी गंभीर नसते आणि काही आठवड्यांत हालचाल चालू ठेवल्याने कमी होते, परंतु पाय बधिर होणे किंवा त्यातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भागाची संवेदना जाणे, तापासह किंवा कारण नसताना वजन घटत असताना होणारी पाठदुखी, पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, यांपैकी काहीही असेल तर चेंडू, मालीश, पट्टा यांचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे. लघवीवरील ताबा सुटला असेल तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.

चक्कर येणारे, हाडे ठिसूळ झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि तोल न सांभाळता येणारे वृद्ध यांनी चेंडूवर बसू नये.

गरोदर स्त्रियांनी वापरला तर चालतो का?

प्रसूतीच्या तयारीसाठी आणि कळांच्या वेळी चेंडू अनेक प्रसूतिगृहांत वापरला जातो, पण तेथे शेजारी कोणीतरी असते. कार्यालयात एकटीने, पोटामुळे तोल बदललेला असताना बसणे ही वेगळी गोष्ट आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

चेंडू बसवलेली चाकांची खुर्ची किंवा हवेची चकती घेतली तर?

चौकटीत बसवलेला चेंडू घरंगळत नाही, म्हणून पडण्याचा धोका कमी होतो. पण मऊ बैठकीने मांड्यांवर येणारा दाब तसाच राहतो, आणि त्या खुर्चीची ठेंगणी पाठ बहुतेकांच्या कमरेपर्यंतच पोहोचते. नेहमीच्या खुर्चीवर ठेवायची हवेची गोल चकती मला या दोन्हींपेक्षा बरी वाटते. थोडी चुळबुळ होते, मागे टेकता येते, नको झाली की काढून ठेवता येते.

आमचे आजोबा गादीवर मांडी घालून हिशेब लिहीत. तेच चांगले नाही का?

हा प्रश्न कोल्हापुरात हमखास येतो, आणि तो रास्त आहे. पेढीवरचे दिवाणजी लोडाला टेकून उतरत्या डेस्कवर लिहीत, गुजरीतील कारागीर आजही जमिनीवर बसून दागिने घडवतात, चपलांचे कारागीरही खालीच बसून काम करतात. दिवाणजींच्या बैठकीत दोन गोष्टी होत्या, ज्या आपल्या टेबलाशी नाहीत. डेस्कचा उतार कागद डोळ्यांच्या जवळ आणीत असे, आणि मांडी, एक गुडघा वर, पाय लांब, लोडाला रेलणे असे आसन दर काही मिनिटांनी आपसूक बदलत असे. जमिनीवरून उठण्या-बसण्याने गुडघे आणि खुबेही वळते राहत. परंतु वाकून तासन्‌तास बारीक काम करणाऱ्या कारागिरांची कंबर आणि मान दुखतेच; जमीन ही जादू नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन गादीवर बसणाऱ्याची मान तर खुर्चीवरच्यापेक्षाही अधिक झुकते. खाली बसून काम करायचेच असेल, तर लॅपटॉप चौरंगावर उंच ठेवावा आणि बैठकीखाली दुमडलेली घोंगडी घेऊन खुबे गुडघ्यांपेक्षा वर आणावेत.

मुलांच्या अभ्यासासाठी घ्यावा का?

खेळायला घ्यावा. अभ्यासाला पाय टेकतील अशी खुर्ची, किंवा पायांखाली पाट.

कार्यालयात चेंडू ठेवायला परवानगी मिळत नाही. काय करावे?

फारसे बिघडत नाही. दोन टेबलांमधल्या वाटेत घरंगळणाऱ्या चेंडूला अडखळून कोणी पडले तर जबाबदारी कोणाची, हा वरिष्ठांचा प्रश्न अनाठायी नाही.

चेंडू न घेता आज, आहे त्याच खुर्चीवर काय करता येईल?

खुर्चीत अगदी मागे सरकून बसावे. एक अंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून कमरेच्या बाकात, पट्ट्याच्या किंचित वर, ठेवावा. तो जाणवावा, पण टोचू नये. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा जाड वही ठेवावी. खुर्चीची पाठ मागे कलत असेल तर ती किंचित कलती सोडावी, अगदी काटकोनात नको. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी आणि पेला लहान घ्यावा, म्हणजे अर्ध्या तासाने उठावेच लागते. फोन आला की उभे राहून बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम हवा. रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने अर्धा तास भरभर चालले, तर सात दिवसांत २१० मिनिटे होतात. टॉवेल दोन आठवडे वापरून पाहावा, आणि तरीही दुखत राहिले तर खुर्चीचा, टेबलाचा आणि कामाला बसलेल्या स्थितीतला एक फोटो बाजूने काढून तपासणीला येताना सोबत आणावा.